मूक फिटचा आवाज

अतिदक्षता विभागात एखादा रुग्ण निपचित पडलेला असतो. हातपाय स्थिर, डोळे मिटलेले. आणि तरीही त्याच क्षणी त्याच्या मेंदूत फिटचं थैमान चालू असू शकतं! आकडीची एकही खूण नसलेल्या, कोमातल्या २३६ रुग्णांचे ईईजी अमेरिकेत तपासले गेले, तेव्हा ८ टक्के रुग्णांमध्ये अशी मूक फिट सापडली. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.

मग डॉक्टरांनी ठरवायचं कशावरून? मेंदूच्या विद्युतलहरी टिपणारा ईईजी १९२४ पासून माणसाच्या हाती आहे. जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी तो पहिल्यांदा काढला. पण नेहमीच्या ईईजीसाठी डोकं मापून वीसेक इलेक्ट्रोड चिकटवणारा तंत्रज्ञ लागतो आणि आलेख वाचणारा तज्ज्ञही. अपरात्री दोघं मिळेपर्यंत औषध अंदाजानंच द्यावं लागतं.

स्टॅनफर्डचे मेंदूविकारतज्ज्ञ जोसेफ पर्विझी एकदा क्रोनोस क्वार्टेटच्या मैफलीला गेले. अवकाशातून आलेल्या लहरींवर रचलेलं ते संगीत ऐकून त्यांना वाटलं, मेंदूच्या लहरी का ऐकू नयेत? त्याच विद्यापीठातले संगीताचे प्राध्यापक ख्रिस चेफ यांनी त्या लहरींना गळ्यातून निघाल्यासारखा स्वर दिला. शांत मेंदू गुणगुणतो. फिट आली की तोच स्वर थरथरतो, किंचाळतो. २०१८ च्या चाचणीत केवळ ऐकून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ९८ टक्के, तर परिचारिकांनी ९५ टक्के फिट ओळखल्या!

हा स्वर ऐकायला आणि ईईजी काढायला आता दहा इलेक्ट्रोडचा पट्टा डोक्याला बांधला की काम सुरू होतं. अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांत झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा झटपट ईईजी साधारण ५ मिनिटांत सुरू झाला. नेहमीच्या ईईजीला जवळजवळ चार तास लागले. डॉक्टरांचा अंदाज आधी लिहून घेतला, ईईजीनंतर पुन्हा विचारलं. फिट असताना ‘आहे’ म्हणण्याची अचूकता ७८ टक्क्यांवरून १०० वर गेली, नसताना ‘नाही’ म्हणण्याची ६४ वरून ८९ वर.

या दुसऱ्या आकड्याचं मोल फार मोठं आहे. फिट थांबवणारी औषधं गुंगी आणतात, श्वास मंदावतात. नसलेल्या फिटपायी रुग्ण व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो. पट्ट्यात डोक्याच्या मध्यरेषेवर इलेक्ट्रोड नसतात, म्हणून सविस्तर ईईजीची गरज उरतेच. पण रात्री दोन वाजता भरलेली सिरिंज खाली ठेवायलाही आधार लागतो, आणि तो आता पाच मिनिटांत मिळू शकतो.