शिंगाच्या आतला आजार

बैलाच्या एकाच नाकपुडीतून रक्त येतं, दुसरी कोरडी असते. गोठ्यात तो सारखं डोकं झटकतो, एका बाजूचं शिंग खुंट्यावर नाहीतर भिंतीवर घासतो आणि त्याच शिंगाच्या बुडाला हात लावू देत नाही. घरची माणसं म्हणतात, ऊन लागलं, घोळणा फुटला. जाणते पशुवैद्य मात्र नाक नंतर बघतात. आधी त्यांचा हात शिंगाकडे जातो.

शिंग बाहेरून भरीव दिसत असलं तरी तसं नसतं. वरचं टणक कवच नखासारख्या द्रव्याचं, त्याच्या आत हाड आणि वाढत्या वयाबरोबर पोकळ होत जाणारा त्या हाडाचा गाभा. ही पोकळी कपाळातल्या पोकळीला जोडलेली असते आणि तिथून वाट थेट नाकात उतरते. या पोकळीच्या आतल्या अस्तरात कर्करोग सुरू झाला, तर बाहेरून कितीतरी दिवस काहीच कळत नाही. रक्त तेवढं खालची वाट धरून त्या बाजूच्या नाकपुडीत उतरतं. अशा वेळी दोन्ही शिंगांवर बोटानं ठोकून बघतात. निरोगी शिंगाचा आवाज पोकळ येतो, आत मांस भरलेल्याचा बद्द. पुढं शिंग एका अंगाला कलतं, बुडाशी सैल होतं, वास सुटतो, कधी नुसत्या धक्क्यानं कवच गळून पडतं आणि आतून फुलकोबीसारखं मांस बाहेर येतं. त्यावर माशी बसली की अळ्या पडतात. मग ‘शिंगात किडे झालेत’ म्हणून टर्पेंटाइन ओतलं जातं. अळ्या मरतात, पण मूळ दुखणं वाढतच राहतं.

परदेशी पशुवैद्यकाच्या ग्रंथांत शिंगाचा कर्करोग दुर्मीळ म्हणून दोन ओळींत आटोपतो. तिकडे वासरांची शिंगं लहानपणीच काढतात, बैल कामाला नसतात आणि बहुतेक जनावरं म्हातारी होईपर्यंत जगतच नाहीत. भारतात मात्र साधारण पाच ते दहा वर्षांच्या, लांब शिंगांच्या देशी बैलांत हा रोग पशुवैद्यांनी वर्षानुवर्षं पाहिला आहे. खच्ची केलेल्या बैलांत तो जास्त आढळतो, गायींत कमी आणि म्हशींत क्वचितच. कारणांबद्दल संशय अनेक आहेत. जुवाचा शिंगाच्या बुडाला होणारा घासा, ऊन, शिंगं साळणं, खच्चीकरणानं बदलणारे शरीरातले स्राव यांपैकी एकावरच बोट ठेवता आलेलं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलच्या पट्ट्यात बेंदराला शिंगं साळून रंगवतात. तो सण सोडावा असं मी मुळीच म्हणणार नाही. उलट वर्षातून एकदा प्रत्येक शिंगावरून माणसाचा हात फिरतो, त्याच वेळी दोन्ही शिंगांचं बूड दाबून, ठोकून बघितलं तर तो दिवस तपासणीचाही होईल.

दूधगंगेकाठचा हा भाग उसाचा. गळीत हंगामात बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांबरोबर बैलगाड्याही येतात. पोट गाडीवर असल्यानं ‘हंगाम संपू दे, मग बघू’ असं म्हटलं जातं, आणि या रोगात नेमके तेच महिने मोलाचे असतात. वेळेत सापडलं तर डोळा आणि शिंग यांच्यामधल्या नसेजवळ भूल देऊन शिंग बुडापासून कापतात आणि कातडीचे पदर ओढून पोकळी शिवून टाकतात. अनेकदा त्यानंतर शिरेतून व्हिन्क्रिस्टीन देतात. हे औषध सदाफुलीपासून मिळतं; अर्थात अंगणातली सदाफुली बैलाला चारून काही होत नाही, झाला तर अपायच होईल. कपाळाच्या पोकळीत पसरलेला रोग मात्र शस्त्रक्रियेनंतरही उलटतो.

शिंग कापलं की ते उकिरड्यावर जातं, आणि इथं माझी खरी तक्रार आहे. गाठ काढली म्हणजे निदान झालं, असं आपण धरून चालतो. निदान होतं ते सूक्ष्मदर्शकाखाली. त्यासाठी गाठीच्या मधला सडलेला भाग उपयोगाचा नसतो. जिथं रोगट आणि निरोगी मांस एकमेकांना भिडतं त्या कडेचा तुकडा हवा. तो सेंटीमीटरभरापेक्षा जाड नको, त्याच्या दहापट दहा टक्क्यांच्या फॉर्मेलिनमध्ये बुडवलेला हवा आणि बर्फात तर मुळीच गोठवलेला नको. गाठ मऊ असेल तर बारीक सुईनं पेशी ओढून काचपट्टीवर पसरल्या तरी पहिला अंदाज येतो. कागलहून महामार्ग धरून पुण्याकडे निघालं की वाटेत शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय लागतं आणि पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. बाटली नीट भरून, चिठ्ठी लावून पाठवायची एवढंच काम उरतं.

हा खटाटोप कशाला, असं वाटेल. तर सगळ्याच गाठी कर्करोगाच्या नसतात म्हणून. बैल घोरायला लागला, नाकात फुलकोबीसारखी वाढ दिसली, की ती गाठ वाटते. पण ती नाकातल्या शिरांत राहणाऱ्या एका चपट्या कृमीमुळंही असते. तळ्यातल्या गोगलगाईंमार्फत तो जनावरात शिरतो. नाकातला स्राव तपासला की त्याची बूमरँगच्या आकाराची अंडी दिसतात, आणि उपचाराची दिशाच बदलते. गाईच्या जबड्यावर दगडासारखी गाठ येते तेव्हाही हाडाचा कर्करोग वाटतो. पण तिच्यातल्या पुवात पिवळे बारीक दाणे सापडले तर तो जिवाणूंचा आजार असतो. 2022 साली लम्पीच्या साथीत अंगभर गाठी उठल्या, त्याचं मूळ विषाणूत होतं. उलट, संकरित गाईच्या गुलाबी पापणीवरचा छोटासा फोड ‘डोळ्याला लागलं’ म्हणून मलमावर काढला जातो आणि नंतर तो कर्करोग निघतो. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले; शिंगाचा कर्करोगही पुढं कमीच दिसेल. तो ओळखणारे हात तेव्हा राहतील का, याची मला काळजी वाटते.

जन्मजात व्यंगांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. तिथं निदानाआधी गर्दी जमते. दोन तोंडांचं वासरू जन्मलं की हळद-कुंकू, नारळ आणि मोबाइलवर फोटो. काही व्यंगं मात्र पशुवैद्याचीच परीक्षा घेतात. गाय अडलेली असते, योनीमार्गात हात घातला तर हाताला आतडी लागतात. ही आतडी कुणाची, आईची की वासराची? गर्भाशय फाटलं असेल तर गाईचा जीव धोक्यात आहे. पण असंही एक व्यंग असतं, ज्यात वासराचा कणा उलटा मुडपलेला असतो, पोट मिटलेलंच नसतं आणि त्याचीच आतडी बाहेर तरंगत असतात. अशा वेळी घाई न करता गर्भाशयाची भिंत चहूबाजूंनी चाचपून ती अखंड असल्याची खात्री करावी लागते. मग वासरू आतच कापून काढायचं की गाईचं पोट उघडायचं, हे ठरतं. गोठ्यात, बॅटरीच्या उजेडात, खांद्यापर्यंत हात आत असताना हा निर्णय घेणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

काही व्यंगं तर बाहेरून दिसतच नाहीत. खोंड आणि कालवड अशी जुळी झाली की घर आनंदतं. पण गर्भातच दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जुळतात आणि त्यातून अशा दहापैकी नऊहून जास्त कालवडी वांझ निघतात. अमेरिकी शास्त्रज्ञ फ्रँक लिली यांनी 1916 मध्ये याची उकल मांडली. तरीही आपल्याकडे अशी कालवड दोन-तीन वर्षं पेंड घालून सांभाळली जाते, माजावर येत नाही म्हणून नवस बोलले जातात. जन्मल्यावर काही आठवड्यांत पशुवैद्यांनी बोथट नळीनं योनीमार्गाची लांबी मोजली तर अंदाज येतो. साध्या कालवडीत ती बारा ते पंधरा सेंटीमीटर भरते, वांझ जुळीत जेमतेम पाच ते आठ. रक्तातली गुणसूत्रं तपासली की खात्रीच होते.

व्यंगाचं वासरू जन्मलं की मला पहिल्यांदा हवा असतो तो रेतकांडीवरचा वळूचा क्रमांक. 1952 साली अमेरिकेत जन्मलेला ऑसबॉर्नडेल आयव्हनहो हा होल्स्टीन वळू नामांकित होता. त्याचं रेत दूरवर गेलं आणि रोगप्रतिकारशक्ती लुळी पाडणारा एक आनुवंशिक दोषही त्याबरोबर पसरला. पुढं तो शोधता आला, कारण तिथल्या गाईंच्या वंशावळी लिहून ठेवलेल्या होत्या. आज आपल्या रेत केंद्रांतल्या होल्स्टीन वळूंची या दोषासाठी तपासणी होते. गोकुळसारखा 1963 पासूनचा दूध संघ आणि गावोगावच्या संस्था असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात व्यंगाच्या प्रत्येक वासराची नोंद ठेवणं अवघड नाही. वळूचा क्रमांक, गाभण काळात दिलेली औषधं, चारा, आधीची वेतं, आणि वासरू मेलेलं असेल तर पुरण्याआधी शवविच्छेदन. फोटो काढणाऱ्यांनी तो जरूर काढावा, पण त्याआधी तालुक्याच्या दवाखान्यात किंवा 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करावा. उन्हाळ्यात मेलेलं वासरू काही तासांतच तपासण्याजोगं राहत नाही.