तळ्याच्या तळाची खतावणी

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर, पेणच्या अलीकडे, जिते हे लहानसे स्थानक आहे. पावसाळ्यात या परिसरातील भाताची खाचरे पाण्याने भरलेली दिसतात. खाचरात आणि गावतळ्यात साचलेले पाणी वरवर सारखेच. परंतु खाचरात ते पीक पोसते, तर अनेक तळ्यांत पाणी हिरवे होऊन कुजते. असे का व्हावे?

उत्तर तळाच्या चिखलात आहे. पिकाला नत्र, स्फुरद आणि पालाश लागतात. नत्राची हवेशी देवाणघेवाण चालते. स्फुरदाला मात्र हवेचा मार्ग जवळजवळ नाही. खते, मैला, निर्माल्य यांतून तळ्यात आलेले स्फुरद शेवाळाच्या अंगी लागते आणि शेवाळ मेले की तळाशी बसते. तेथील सूक्ष्मजीव मृत अवशेष कुजवून ते मोकळे करतात.

निम्मे आयुष्य बँकेत गेल्याने मला हा ठेवींचा व्यवहार वाटतो. प्राणवायू असेपर्यंत गाळातील गंजलेले लोह स्फुरदाला धरून ठेवते. ही झाली जमा. प्राणवायू संपला की काही सूक्ष्मजीव श्वसनासाठी त्या लोहाचा वापर करतात. लोह विरघळते आणि स्फुरद पाण्यात सुटते. ही झाली उचल. इंग्लंडमधील सरोवरांच्या अभ्यासातून क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्ये ही प्रक्रिया सविस्तर मांडली.

खाचरात हीच उचल भाताच्या मुळांना मिळते. तळ्यात ती शेवाळाच्या हाती पडते. म्हणूनच सांडपाणी बंद केल्यावरही जुन्या शिलकीवर तळे कित्येक वर्षे हिरवे राहू शकते.

यावर उपाय व्यापारी कुटुंबांना सहज पटेल: पडून राहिलेले भांडवल योग्य ठिकाणी वळवावे. उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकला, तर तळे मोकळे होते आणि जमिनीला कस मिळतो. राज्य शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये याच विचाराने सुरू झाली. भारतीय जैन संघटनेने २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात यंत्रे पुरवून असे काम उभे केले. मात्र कारखान्यांचे पाणी मिसळत असेल, तेथे गाळाची तपासणी आधी करावी.

गावच्या तळ्यासाठी देणगी देताना घाटाच्या फरशीबरोबर गाळाचाही विचार व्हावा. तळ्याचा खरा हिशेब तेथेच लिहिलेला असतो.