गुरं-घोड्यांना रस्ता ओलांडायचाय, खर्च कोण करणार?

सापगाव (ता. शहापूर) : सापगाववरून जाणारा शहापूर-मुरबाड रस्ता आता खोपोलीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 548 ए चा भाग आहे. गुरं, बैलगाडी किंवा वरातीचा घोडा घेऊन तो ओलांडायचा म्हणजे जीव मुठीत. पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेचा बैलबाजार भरतो, तेव्हा तर जनावरांची ये-जा आणखी वाढते.

मग ग्रामपंचायत गतिरोधक का टाकत नाही? कारण रस्ता तिच्या ताब्यातच नाही. आणि परस्पर टाकलेला, रंगाचे पट्टे नसलेला उंचवटा रात्री दुचाकीवाल्याचाच घात करतो. लाल त्रिकोणातली गुरांची पाटी, रम्बलर पट्टे हे महामार्ग विभागाचं काम. इंग्लंडात घोडेस्वाराला बसल्या जागी हात पुरावा म्हणून काही ठिकाणी सिग्नलचं बटण दोन मीटर उंचीवर असतं! आपल्याकडे पाटी मिळाली तरी खूप.

आता पैशाचं. 15व्या वित्त आयोगाने 2021-26 साठी 60 टक्के निधी पाणी-स्वच्छतेला बांधून दिला. म्हणजे त्या काळात 10 लाख आले तर मोकळे 4 लाखच. त्यातच गावातले रस्ते, दिवे आणि अंगणवाडीची दुरुस्ती. म्हणून आराखडा ठरतो त्या ग्रामसभेला हजर राहा. प्रवेशद्वाराच्या कमानीआधी फाट्यावरचा दिवा मागा. उजेडात जनावर दुरून दिसतं.

महामार्गासाठी वेगळा ठराव करा. गुरं नेमकी कुठे आणि किती वाजता ओलांडतात ते त्यात लिहा, फोटो जोडा, विभागाकडून पोच घ्या. तोवर शिंगांना रेडियमची पट्टी बांधा, तिला ठराव लागत नाही.