प्रवासाची नोंद आणि गावाची गरज

विकासाच्या कोणत्याही योजनेचा पाया म्हणजे विश्वसनीय माहिती. एस.टी.ची फेरी किती वाजता सोडावी, कोणता रस्ता आधी दुरुस्त करावा, आरोग्य उपकेंद्र कोठे असावे, हे ठरविण्यापूर्वी लोक रोज कोठून कोठे, कशासाठी व कोणत्या साधनाने जातात हे कळावे लागते. ही माहिती आता स्मार्टफोनच्या साह्याने मिळविता येते. या पद्धतीचे सामर्थ्य व तिच्या मर्यादा यांचा विचार रायगड जिल्ह्यातील पालीच्या संदर्भात करणे उद्बोधक ठरेल.

प्रचलित पद्धती

२०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणाचे अंतर व प्रवासाचे साधन विचारण्यात आले होते. परंतु शेती व घरगुती उद्योग सोडून अन्य काम करणाऱ्यांपुरताच तो प्रश्न मर्यादित होता. त्यामुळे शेतमजूर, विद्यार्थी आणि बाजारास वा दवाखान्यात जाणाऱ्या गृहिणी त्यातून सुटल्या. घरोघरी प्रश्नावली भरून घेतली, तरी लहानसहान खेपा सांगण्याचे राहून जाते. एस.टी.च्या तिकीट यंत्रावरून कोठून कोठपर्यंतचे तिकीट काढले ते समजते. थांब्यापर्यंतची पायपीट समजत नाही.

फोन काय टिपतो?

उपग्रहांच्या संकेतांवरून फोन आपले स्थान ठरवितो आणि त्यातील संवेदक हालचाल टिपतात. फोन काही मिनिटे एकाच जागी राहिला की तो मुक्काम, आणि दोन मुक्कामांमधील वाटचाल म्हणजे एक खेप. वेगावरून चालणे व वाहन यांतील भेद बहुधा कळतो. मात्र एकाच रस्त्याने धावणारी एस.टी. आणि मिनीडोर यांत गल्लत होऊ शकते. यास्तव सिंगापूर येथे २०१२ मधील कौटुंबिक प्रवास सर्वेक्षणाच्या जोडीने हा प्रयोग झाला, तेव्हा फोनवरून तयार झालेली दैनंदिनी प्रवाशानेच तपासून द्यावी, अशी व्यवस्था होती.

पालीचा धडा

पाली हे सुधागड तालुक्याचे मुख्यालय. कचेरी, बाजार व शिक्षण यांसाठी आसपासच्या गावांतून व वाड्यांतून लोक येथे येतात. बल्लाळेश्वर हा अष्टविनायकांपैकी एक असल्याने यात्रेकरूंचीही मोठी वर्दळ असते. केवळ फोनची संख्या मोजली, तर चतुर्थीची गर्दी ठळक दिसेल. डोक्यावर मोळी घेऊन पायी येणारी वाडीवरची स्त्री मात्र दिसणार नाही. घरात एकच फोन असेल आणि तो कमावता पुरुष बरोबर नेत असेल, तर त्याच्याच प्रवासाची नोंद होईल.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की फोन झालेला प्रवास टिपतो. न झालेला टिपत नाही. सायंकाळी परतीची गाडी नाही म्हणून एखाद्या मुलीने महाविद्यालय सोडले, तर तिच्या नावापुढे शून्य पडेल. त्या शून्याचा अर्थ ‘गरज नाही’ असा लावला गेला, तर तिची वाट कायमचीच बंद होईल.

संमती व गोपनीयता

स्थान व वेळ यांच्या अवघ्या चार नोंदींवरून ९५ टक्के व्यक्ती वेगळ्या ओळखता येतात, असे १५ लाख फोनधारकांच्या माहितीवर आधारित २०१३ च्या एका अभ्यासात आढळले. लहान वाडीत तर नाव वगळूनही ओळख लपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. म्हणून माहिती कशासाठी हवी हे सोप्या मराठीत सांगणे, स्वेच्छेने संमती घेणे आणि निष्कर्ष गावनिहाय एकत्रित स्वरूपातच मांडणे आवश्यक आहे.

ग्रामसभेचे स्थान

स्मार्टफोन हे साधन आहे, साक्षीदार नव्हे. त्याच्या नोंदींना शिक्षकांनी केलेल्या विद्यार्थ्यांच्या पाहणीची आणि वाड्यावाड्यांतील महिलांशी झालेल्या चर्चेची जोड हवी. ‘आपण कोठे जाता?’ या प्रश्नाबरोबरच ‘आपणांस कोठे जाता येत नाही?’ हा प्रश्न ग्रामसभेत विचारला गेला, तरच संकलित झालेली माहिती खऱ्या अर्थाने लोकांच्या उपयोगी पडेल.