आजीला ‘डिअर’ की ‘डिअरेस्ट’?

मैत्रिणींनो, २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. आता नातवाला नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीच्या आजीला इंग्रजीत पत्र लिहावंसं वाटलं, तर लिहू द्या की! शब्द मात्र पारखून घ्या. ते कुणीतरी आजीला अर्थासह वाचून दाखवणार! ‘डिअर’ म्हणजे प्रिय, शिवाय महागही. अनोळखी साहेबालाही तोच मायना. आजीला ‘डिअरेस्ट’ शोभतं. सल्ला ‘व्हॅल्युएबल’, तर काळजाचा तुकडा ‘प्रेशस’. ‘प्राइसलेस’ म्हणजे अनमोल, पण ‘वर्थलेस’ म्हणजे कवडीमोल! शेपूट एकच, अर्थ उलटे. आणि हो, ‘साष्टांग नमस्कार’ काही ‘डिअर’मध्ये मावत नाही, तेवढी ओळ मराठीतच असू द्या.