साठवणुकीतील ट्रॅक्टर व कृषी यंत्रे : मूषकजन्य हानीची कारणे आणि प्रतिबंध

१. प्रस्तावना

शेतीतील यंत्र वापराने झिजते, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. न वापरलेले यंत्रही नादुरुस्त होते, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. पेरणी यंत्र किंवा मळणी यंत्र वर्षातून काही आठवडेच चालते. उरलेला काळ ते गोठ्यालगतच्या पडवीत अथवा शेडमध्ये पडून असते. ट्रॅक्टरही दोन हंगामांच्या मधल्या काळात बरेच दिवस उभा असतो. या काळात वायरिंग, रबरी नळ्या, एअर क्लीनर व आसन यांची जी हानी होते, तिचे एक प्रमुख कारण उंदीर व घुशी हे होय.

कुरतडलेल्या वायरची किंमत अल्प असते. परंतु नुकसानीचे मोजमाप तेवढ्यावरून करता येत नाही. कोरडवाहू शेतीत मृगाचा पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला की पेरणीसाठी मोजकेच दिवस हाती असतात. नेमक्या त्या सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर मेकॅनिकची वाट पाहण्यात वाफसा निघून जातो. भाड्याचा ट्रॅक्टर मिळेलच असे नाही, कारण तो त्याच दिवसांत सर्वांनाच हवा असतो. अवजार बँकेचे यंत्र बंद पडले, तर एका वेळी अनेक कुटुंबांची पेरणी लांबते. म्हणजे कुरतडली जाते ती वायर, पण हातचा जातो तो हंगाम.

प्रस्तुत लेखात या हानीची कारणे, तिचे स्वरूप आणि प्रतिबंधाचे उपाय यांचे विवेचन केले आहे. अन्न, आडोसा, प्रवेशमार्ग आणि निश्चलता या चार गोष्टी उंदराला यंत्राकडे आणतात. त्या दूर केल्याशिवाय केवळ विष ठेवून हा प्रश्न सुटत नाही, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. उंदीर यंत्र का कुरतडतो?

उंदीर, घूस व खार हे प्राणी कृंतक वर्गातील होत. त्यांचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात. दाताच्या पुढील बाजूस कठीण दंतवल्क असते व मागील भाग तुलनेने मऊ असतो. मागचा भाग लवकर झिजत असल्याने दाताला पटाशीसारखी धार आपोआप येत राहते. दात योग्य लांबीचे राहावेत यासाठी सतत कुरतडणे ही या प्राण्यांची शारीरिक गरज आहे.

अलीकडील वायरींच्या आवरणात वनस्पतिजन्य घटक असल्यामुळे उंदीर त्यांकडे आकर्षित होतात, असा एक समज प्रचलित आहे. परंतु असे घटक वापरात येण्यापूर्वीही उंदीर वायरी कुरतडत होते, आणि शिसे व ॲल्युमिनियम यांसारखे खाण्यास निरुपयोगी धातूही ते कुरतडतात. तेव्हा वायरचे आवरण बदलण्यापेक्षा उंदीर तेथे पोहोचतोच का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

याचे उत्तर ऋतुचक्रात सापडते. पीक काढल्यावर शेतातील अन्न व आच्छादन नाहीसे होते. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते. दोन्ही वेळी शेतातील उंदीर वस्तीकडे सरकतात. त्याच सुमारास एखादे यंत्र शेडमध्ये निश्चल उभे असते आणि शेजारी कडबा, पेंड किंवा धान्याची पोती असतात. उंदराच्या दृष्टीने हे तयार घरच होय. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांच्या गर्भधारणेनंतर एका वेळी अनेक पिले देते. त्यामुळे दोन-तीन महिने दुर्लक्ष झाले तरी उपद्रव कित्येक पटींनी वाढतो.

माणसाची वर्दळ थांबली आणि अन्न मागे राहिले की काय होते, याचे उदाहरण मराठवाड्याने अनुभवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भीतीपोटी अनेकांनी घरात राहणे सोडले. पुढे १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात ग्रंथिक प्लेगचे रुग्ण आढळले, तेव्हा रिकाम्या घरांतील धान्यावर उंदरांची संख्या वाढल्याचे एक स्पष्टीकरण पुढे आले होते. प्रसंग वेगळा असला तरी कारणांची जुळणी यंत्राच्या शेडमध्येही तीच असते.

३. हानीचे स्वरूप

ट्रॅक्टरमध्ये डॅशबोर्डमागील वायरिंग, दिव्यांच्या तारा, स्टार्टर व अल्टरनेटरकडे जाणाऱ्या वायरी आणि डिझेलच्या रबरी नळ्या हे भाग प्रथम बळी पडतात. आवरण गेलेल्या दोन तारा एकमेकींना किंवा लोखंडी सांगाड्याला टेकल्या की शॉर्टसर्किट होते. जवळच वाळलेल्या गवताचे घरटे असल्यास आगीचा धोका संभवतो.

एअर क्लीनरमधील हानी अधिक फसवी असते. कागदी फिल्टरला भोक पडले तरी इंजिन सुरू होते. मात्र न गाळलेली धूळ आत जाऊन सिलिंडर व पिस्टनच्या रिंगा झिजू लागतात. रेडिएटरभोवती घरटे झाल्यास हवा खेळत नाही व इंजिन तापते. मूत्र व लेंड्यांमुळे धातूचे भाग व विद्युत जोडण्या गंजतात. पेरणी यंत्राच्या प्लास्टिक नळ्या, फवारणी यंत्राचे पाइप आणि गुंडाळून ठेवलेल्या ठिबक सिंचनाच्या नळ्या यांचीही हीच गत होते. उंदराने कुरतडलेली वायर हा उत्पादनातील दोष नसल्याने ती सहसा हमीच्या कक्षेत येत नाही. विम्याच्या अटीही आधीच वाचून घेणे हिताचे असते.

४. प्रतिबंधाचे उपाय

(अ) अन्न दूर करणे : हंगाम संपताच मळणी यंत्र काही वेळ रिकामे चालवावे, नंतर ते पूर्ण बंद करून चाळण्या काढाव्यात व कोपऱ्यांतील दाणे ब्रशने झाडून घ्यावेत. पेरणी यंत्राच्या पेटीतील बियाणे व खत पूर्णपणे रिकामे करावे. ट्रॅक्टरच्या आसनाखाली किंवा अवजारपेटीत भाकरीचे तुकडे, शेंगदाणे राहू देऊ नयेत.

(आ) आडोसा कमी करणे : धान्य, पेंड, कडबा व यंत्र एका छताखाली ठेवणे टाळावे. ते अपरिहार्य असल्यास यंत्र पक्क्या जमिनीवर, भिंतीपासून सुमारे एक मीटर सोडून उभे करावे व भोवतालची जागा मोकळी ठेवावी. बॉनेट उघडे ठेवल्यास आत उजेड राहतो आणि अंधारी, सुरक्षित जागा म्हणून तिचे आकर्षण कमी होते. जमिनीपर्यंत लोंबणारी ताडपत्री मात्र उंदरांना आडोसाच पुरवते.

(इ) प्रवेशमार्ग बंद करणे : घरातील लहान उंदीर सुमारे ६ मिलिमीटरच्या, तर मोठा उंदीर सुमारे १२ मिलिमीटरच्या फटीतून आत शिरू शकतो. त्यामुळे झरोक्यांना ६ मिलिमीटरपेक्षा बारीक जाळी, दरवाजाच्या खालच्या भागास पत्रा आणि भिंतीतील भोकांत तारेची घासणी ठासून वर सिमेंट, असे उपाय करावेत. सायलेन्सरचे तोंड डब्याने व हवा आत घेण्याचे तोंड जाळीने झाकावे. मात्र ही झाकणे काढल्याशिवाय इंजिन सुरू करू नये, अशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधणे आवश्यक आहे.

(ई) निश्चलता मोडणे : हा बिनखर्चाचा, परंतु सर्वाधिक दुर्लक्षित उपाय होय. आठवड्यातून एकदा बॉनेट व पेट्या उघडून पाहाव्यात. दर १०-१५ दिवसांनी वायरी तपासून, झाकणे काढून ट्रॅक्टर मोकळ्या हवेत आणावा, इंजिन गरम होईपर्यंत चालवावे व जागा थोडी बदलून उभा करावा. वारंवार मोडले जाणारे घरटे उंदीर सोडून देतो. दीर्घकाळ यंत्र उभे राहणार असल्यास बॅटरीची ऋण जोडणी प्रथम काढावी. पुन्हा जोडताना ती शेवटी जोडावी.

डांबरगोळ्या, तंबाखू किंवा उग्र वासाची तेले यांचा परिणाम वास टिकेपर्यंतच राहतो. स्वनातीत ध्वनीच्या उपकरणांनाही उंदीर सरावतात. हे उपाय पूरक ठरू शकतील. वरील चार उपायांची जागा ते घेऊ शकत नाहीत.

५. सापळे, विष आणि नैसर्गिक शत्रू

उंदीर भिंतीच्या कडेने फिरतो. म्हणून सापळा भिंतीलगत ठेवावा. मोठा उंदीर नवीन वस्तूस बिचकत असल्याने सापळा प्रथम काही दिवस न लावता, केवळ खाद्य घालून ठेवणे उपयुक्त ठरते. झिंक फॉस्फाईडचे आमिष वापरतानाही आधी दोन-तीन दिवस बिनविषारी खाद्य देण्याची शिफारस याच कारणाने केली जाते. अपुरी मात्रा खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाकडे वळत नाही.

झिंक फॉस्फाईडवर विशिष्ट उतारा नाही, ही बाब लहान मुले व जनावरे असलेल्या घरात कधीही विसरता कामा नये. ब्रोमॅडिओलोनमुळे रक्त गोठण्याची क्रिया थांबते व उंदीर काही दिवसांनी मरतो. मधल्या काळात तो एअर क्लीनरच्या पेटीत किंवा घुबडाच्या तोंडी जाऊ शकतो. पहिल्या शक्यतेत यंत्रात दुर्गंधी येते; दुसऱ्या शक्यतेत उंदरांचा शत्रूच विषबाधित होतो. गव्हाणी घुबड व धामण हे उंदरांचे स्वाभाविक भक्षक होत. घुबडास अशुभ मानून हुसकावणे आणि बिनविषारी धामण दिसताच ठेचणे, या सवयी शेतकऱ्याच्याच अहिताच्या आहेत. या दोन्ही जीवांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षणही आहे.

६. यंत्र पुन्हा सुरू करताना

हंगामाच्या आरंभी थेट किल्ली फिरवणे ही नेहमीची चूक आहे. प्रथम झाकणे काढून घरटे, लेंड्या, कुरतडलेल्या वायरी, डिझेलची गळती व फिल्टर तपासावा. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाचा उद्रेक झाला होता. ओलसर शेडमध्ये काम करताना हातापायांवरील जखमा झाकाव्यात, हातमोजे व मास्क वापरावा. घाण कोरडी झाडू नये. ती जंतुनाशकाने भिजवून मग उचलावी.

७. समारोप

मूषकजन्य हानी ही अचानक ओढवणारी आपत्ती नसून साठवणुकीच्या सवयींचा परिणाम आहे. म्हणून तिचा प्रतिबंधही सवयींतूनच व्हायला हवा. त्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे ब्रश, जाळी, थोडे सिमेंट आणि आठवड्यातील काही मिनिटे. महाविद्यालयाचे जनरेटर, कार्यशाळेतील यंत्रे व दीर्घ सुटीत बंद राहणाऱ्या प्रयोगशाळा यांनाही हेच तत्त्व लागू पडते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरात विद्यार्थ्यांनी गावातील यंत्रांच्या शेडची पाहणी करून चाळण्या, फिल्टर व वायरिंग तपासण्याचा एक दिवस राखून ठेवला, तर त्याचा उपयोग मृगाच्या पहिल्या वाफशाला दिसून येईल.