संगीताभिरुची

संगीताचे प्रकार, घराणी, गायक-वादक, रचना व ध्वनिमुद्रिका यांतून निवड करण्याची आणि त्या निवडीला मूल्य देण्याची श्रोत्याची घडलेली प्रवृत्ती. केवळ आवडनिवड म्हणजे अभिरुची नव्हे. ‘मला हे गाणे आवडते’ हे विधान श्रोत्याविषयीचे असते, तर ‘हे गाणे श्रेष्ठ आहे’ हे विधान गाण्याविषयीचे असते. रसिकांमधील बहुतेक वाद पहिले विधान दुसऱ्याच्या रूपात मांडल्यामुळे निर्माण होतात. तथापि ही दोन विधाने पूर्णपणे विलग करता येतात काय, हाच अभिरुचिविचारातील मूळ प्रश्न होय.

तात्त्विक विचार : भारतीय परंपरेत या प्रश्नाची जाण प्राचीन आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रेक्षकांच्या वयानुसार व स्वभावानुसार त्यांच्या आवडी भिन्न असतात, असे मानले आहे. त्याचबरोबर प्रयोगाच्या गुणदोषांविषयी मतभेद झाल्यास निर्णय देण्यासाठी ‘प्राश्निक’ नेमावेत, असेही सांगितले आहे. या प्राश्निकांत यज्ञवेत्ता, नर्तक, छंदज्ञ, वैयाकरण, चित्रकार, गांधर्वज्ञ, गणिका इत्यादींचा समावेश असून प्रत्येकाने आपापल्या विषयापुरता निर्णय द्यावयाचा असतो. मालविकाग्निमित्रात कालिदासानेही भिन्न रुचीच्या लोकांचे समाधान करणारी कला म्हणून नाट्याचा गौरव केला आहे. अभिनवगुप्ताने (दहावे-अकरावे शतक) आस्वादाचा अधिकारी म्हणून ‘सहृदय’ ही संकल्पना विशद केली. कलाकृतींच्या सततच्या अनुशीलनाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे, असा हा रसिक होय. म्हणजे रुचिभेद मान्य करूनही रुचीचे शिक्षण शक्य आहे, अशी या परंपरेची भूमिका दिसते.

पाश्चात्त्य विचारवंतांपैकी डेव्हिड ह्यूम याने अभिरुचीच्या निकषावरील १७५७ च्या निबंधात सूक्ष्म संवेदनशीलता, सराव, तुलना, पूर्वग्रहांपासून मुक्तता व सुबुद्धता हे चांगल्या परीक्षकाचे गुण सांगितले. मात्र व्यक्तीचा स्वभाव आणि देशकालाचे संस्कार यांमुळे होणारे मतभेद निर्दोष असून ते मिटविता येत नाहीत, हेही त्याने मान्य केले. इमॅन्युएल कांट याने १७९० मध्ये सुखद आणि सुंदर यांत भेद केला. सुखदाविषयी प्रत्येकाची आवड वेगळी असणे कोणालाच खटकत नाही. परंतु एखादी गोष्ट सुंदर आहे असे म्हणणारा इतरांच्याही संमतीची अपेक्षा करतो. ही संमती सिद्धतेने मिळवता येत नाही व तिची अपेक्षाही सोडवत नाही. रसिकांचे वाद निर्णय न होताही का चालू राहतात, याचे कांटचे विवेचन हे अजूनही उपयुक्त स्पष्टीकरण आहे. मराठीत रा. भा. पाटणकर यांच्या सौंदर्यमीमांसा (१९७४) या ग्रंथात या भूमिकेची सविस्तर चिकित्सा आढळते.

महाराष्ट्रातील रसिकवाद : मराठी समाजात संगीताविषयीचे जाहीर वाद प्रथम रंगभूमीच्या आश्रयाने वाढले. बालगंधर्व (१८८८–१९६७) आणि केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांच्या चाहत्यांचे दोन पक्ष होते. एकास बालगंधर्वांच्या गायनातील मार्दव व लडिवाळपणा प्रिय होता, तर दुसऱ्यास केशवरावांच्या उंच स्वरातील पल्लेदार, तडफदार गायकीचे आकर्षण होते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी या दोघांनी मानापमान नाटकाचा संयुक्त प्रयोग केला. त्यात बालगंधर्वांनी भामिनीची व केशवरावांनी धैर्यधराची भूमिका केली. कोण सरस ठरला, याची चर्चा त्यानंतर दीर्घकाळ चालली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवरावांचे निधन झाल्याने तुलनेची संधी पुन्हा आली नाही. त्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण नसल्यामुळे हा वाद पुढे केवळ स्मृतीच्या व ऐकीव माहितीच्या आधारे चालला. पुढील काळात दीनानाथ मंगेशकर (१९००–४२) यांच्या आक्रमक, चमत्कृतिपूर्ण गायकीच्या चाहत्यांनी बालगंधर्वांच्या चाहत्यांशी असाच वाद मांडला. या वादांत व्यक्तिनिष्ठा पुष्कळ असली, तरी त्यांच्या मुळाशी नाट्यपदाने शब्दांतील भाव जपावा की गायकाच्या कल्पनेला वाव द्यावा, हा खरा सांगीतिक प्रश्न होता.

ख्याल गायकीच्या क्षेत्रात हीच निष्ठा घराण्यांच्या नावाने व्यक्त झाली. किराणा घराण्याच्या श्रोत्यास स्वराचा लगाव व आलापाची संथ बढत मोलाची वाटते, आग्र्याच्या श्रोत्यास बोलअंग व लयकारी, तर जयपूरच्या श्रोत्यास अनवट रागांची व पेचदार तानांची गुंफण. वामनराव हरी देशपांडे यांनी घरंदाज गायकी (१९६१) या ग्रंथात घराण्यांमधील भेदांना स्वर व लय या दोन तत्त्वांच्या प्रमाणाचा आधार दिला. त्यांच्या मांडणीत किराणा स्वराच्या टोकाकडे व आग्रा लयीच्या टोकाकडे असून जयपूर घराण्यात दोहोंचा समतोल साधलेला आहे. देशपांडे यांनी स्वतः जयपूर गायकीची तालीम घेतली होती. त्यामुळे समतोलाचे हे स्थान तटस्थपणे ठरले काय, असा आक्षेप घेता येतो. परंतु या ग्रंथाचे महत्त्व त्याने कमी होत नाही. ‘अमुक गवई मोठा’ या निव्वळ उद्गाराऐवजी मतभेद कोठे आहे हे दाखविणारी परिभाषा त्याने रसिकांना दिली आणि तिच्या आधारे ग्रंथकाराशीही वाद घालणे शक्य झाले.

कुमार गंधर्व (१९२४–९२) यांच्या गायकीविषयी झालेला वाद वेगळ्या स्वरूपाचा होता. माळव्यातील लोकधुनांतून त्यांनी निर्माण केलेले राग व घराण्यांच्या चौकटीबाहेरची मांडणी काहींना परंपरेचा भंग वाटली, तर काहींना परंपरेचे पुनरुज्जीवन. येथे दोन घराण्यांतील निवड नव्हती, तर घराणे हाच निकष मानावा काय, हा प्रश्न होता. ज्या निकषाने कलाकृती मोजावयाची तो निकषच नवी कलाकृती बदलू शकते, हे या वादातून स्पष्ट झाले.

ध्वनिमुद्रिका व श्रोता : १९०२ मध्ये भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झाले. मैफलीचा अनुभव पुन्हा घेता येत नसे. ध्वनिमुद्रिकेमुळे एकच गायन अनेकांना, अनेकदा व समोरासमोर ठेवून ऐकता येऊ लागले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सु. तीन मिनिटांचा अवधी असे. तेवढ्यात राग मांडण्याची एक वेगळी कला निर्माण झाली व अब्दुल करीमखाँ (मृ. १९३७) यांच्यासारख्या गायकांच्या मुद्रिका अनेक श्रोत्यांच्या लेखी त्या त्या रागाचे प्रमाणरूप ठरल्या. दीर्घ मुद्रिकेमुळे एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक अवधी मिळाला. परिणामी सुटे गीत हे रसिकांच्या निवडीचे एकमेव परिमाण न राहता गीतांचा क्रमबद्ध संग्रह हेही परिमाण झाले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीनिमित्त १९७४ मध्ये निघालेला शिवकल्याणराजा हा लता मंगेशकर व हृदयनाथ मंगेशकर यांचा संग्रह त्याचे परिचित उदाहरण होय. अशा संग्रहांविषयीच्या चर्चेत गीतांची गुणवत्ता, त्यांचा क्रम व एकसूत्रता या तिन्ही बाबी येतात.

गीतरामायणाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ग. दि. माडगूळकर यांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झाली, तेव्हा ती माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके, मालती पांडे, राम फाटक इत्यादी अनेक गायकांनी गायिली होती. पुढे फडके यांनी जाहीर कार्यक्रमांतून व ध्वनिमुद्रिकांतून सर्व गीते एकट्याने सादर केली. पात्रागणिक वेगळा आवाज असलेली मूळ योजना अधिक नाट्यपूर्ण की एका निवेदकाच्या आवाजातील एकसंधता अधिक भावपूर्ण, याविषयी दोन्ही मते संभवतात. श्रोत्याने कोणते रूप प्रथम ऐकले, यावर त्याचे मत पुष्कळदा अवलंबून असते.

नभोवाणी व अभिरुचीचे नियमन : अभिरुची घडविण्याचा शासकीय प्रयत्न बाळकृष्ण विश्वनाथ केसकर (१९०३–८४) यांच्या कारकीर्दीत झाला. ते १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांनी आकाशवाणीवर शास्त्रीय संगीतास मोठे स्थान दिले व चित्रपटगीतांवर निर्बंध आणले. परिणामी असंख्य श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तेथून डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’ या कार्यक्रमात मुद्रिकांची विक्री व श्रोत्यांची पसंती यांनुसार गीतांचा क्रम लावला जाई. आपल्या आवडत्या गीताचा क्रमांक वर जावा म्हणून गावोगावच्या श्रोतृसंघांत चढाओढ असे. अखेरीस ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ ही मनोरंजनपर सेवा सुरू केली. शास्त्रीय संगीतास मिळालेल्या प्रोत्साहनाचा लाभ अनेक कलावंतांना झाला, हे खरे. परंतु आवड आदेशाने बदलत नाही, हेही या प्रसंगाने दाखविले. विद्वानांचा निर्णयही कालसापेक्ष असतो, याचे उदाहरण म्हणजे हार्मोनियम. भारतीय श्रुतींना प्रतिकूल ठरवून १९४० मध्ये आकाशवाणीने वर्ज्य केलेल्या या वाद्यास १९७० नंतरच्या दशकात क्रमाक्रमाने पुन्हा प्रवेश मिळाला. मधल्या काळात महाराष्ट्रातील मैफली, नाट्यप्रयोग व भजने यांतील तिचे स्थान अबाधितच होते.

ग्रामीण श्रोतृवर्ग : अभिरुचीची चर्चा बहुधा नागर संगीताभोवती फिरते, परंतु ग्रामीण भागातही तिला तितकेच बारकावे असतात. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरीसारख्या गावाच्या परिसरात वारकरी भजन, कीर्तन, भारूड, गोंधळ, पोवाडा, भीमगीते, उरसातील कव्वाली व चित्रपटगीते असे अनेक प्रवाह एकत्र येतात. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने उर्दू गझल व कव्वालीचा संस्कार येथे जुना आहे. भजनी मंडळांत पारंपरिक वारकरी चाल राखावी की अभंगास चित्रपटगीताची चाल लावावी, याविषयी वडीलधारी व तरुण मंडळींत मतभेद आढळतात. एका पक्षाचे म्हणणे असे, की ओळखीच्या चालीमुळे मूळ गीताचे शब्द आठवतात व अभंगावरचे लक्ष उडते. दुसऱ्याचे म्हणणे असे, की चाल ओळखीची असल्याने सर्वांना साथ करता येते. पहिला पक्ष अर्थाला आणि दुसरा सहभागाला प्राधान्य देतो. भजनाला दोन्ही आवश्यक असल्याने हा वाद निरर्थक म्हणता येत नाही.

गोंधळाच्या बाबतीत परभणीचे गोंधळी राजाराम कदम आणि मुंबईचे लोकशाहीर विठ्ठल उमप या दोघांनी सादर केलेल्या ‘जांभूळ आख्यान’ची तुलना केली जाते. द्रौपदीच्या मनातील कर्णाविषयीच्या ओढीची ही कथा संबळ-तुणतुण्याच्या साथीने विधीचा भाग म्हणून ऐकणे आणि रंगमंचावरील प्रयोग म्हणून पाहणे हे दोन वेगळे अनुभव आहेत. त्यांना एकच फूटपट्टी लावणे उचित नाही. अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीत, भक्तिसंगीत, कलासंगीत, जनसंगीत इ. कोटी पृथक् मानल्या, त्या याच कारणास्तव. प्रत्येक कोटीची उद्दिष्टे भिन्न असल्याने निकषही भिन्न असतात.

अभिरुची व सामाजिक प्रतिष्ठा : फ्रेंच समाजशास्त्रज्ञ प्येअर बोर्द्यू याने १९७९ च्या ग्रंथात अभिरुची हे वर्गभेद दर्शविण्याचे व टिकविण्याचे साधन असल्याचे प्रतिपादन केले. महाराष्ट्रात लावणीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. तमाशाशी व कोल्हाटी, महार, मांग आदी जातींच्या कलावंतांशी असलेल्या संबंधांमुळे पांढरपेशा समाजाने तिला दीर्घकाळ हीन लेखले. पुढे बैठकीच्या लावणीतील अदाकारी व रागदारीचे अंग मान्य झाले आणि यमुनाबाई वाईकर यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. लावणी तीच होती. ऐकणाऱ्यांची दृष्टी बदलली. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या गीतांना लाखो श्रोते लाभूनही संगीतविषयक लेखनात त्यांची दखल अल्प प्रमाणात घेतली गेली. आवडीवरील टीका अनेकदा ती आवड असणाऱ्या माणसांवरील टीका असते. म्हणूनच वरवर क्षुल्लक भासणारे हे वाद जिव्हारी लागतात.

मानसशास्त्रीय संशोधन : परिचयाने आवड वाढते, हे रॉबर्ट झायन्स याने १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखविले. हॉलब्रुक व शिंडलर यांच्या १९८९ च्या अभ्यासात लोकप्रिय गीतांची सर्वाधिक पसंती श्रोत्याच्या सु. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी प्रचलित असलेल्या गीतांकडे झुकलेली आढळली. ‘आमच्या काळची गाणी’ हा प्रत्येक पिढीचा अभिमान त्यातून अंशतः उलगडतो. सॅल्गॅनिक, डॉड्स व वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४,३४१ व्यक्तींना ४८ अपरिचित गीते ऐकविण्यात आली. इतरांची पसंती कळल्यावर लोकप्रियतेतील विषमता वाढली व निरनिराळ्या गटांत निरनिराळी गीते अग्रेसर ठरली. मात्र उत्कृष्ट गीते क्वचितच तळाशी गेली व निकृष्ट गीते क्वचितच वर आली. बोलिव्हियातील त्सिमाने जमातीच्या श्रोत्यांना संवादी व विसंवादी स्वरसंघात सारखेच सुखद वाटले, असे २०१६ च्या अभ्यासात आढळले. यावरून संवादाची आवडही काही अंशी संस्कारजन्य असावी, असे दिसते.

मूल्यमापन : संगीताभिरुची पूर्णतः व्यक्तिनिष्ठ मानल्यास शिक्षण, समीक्षा व तालीम यांना अर्थ उरत नाही, पूर्णतः वस्तुनिष्ठ मानल्यास रुचिभेदाचे स्पष्टीकरण मिळत नाही. स्वर सुरेल लागला की नाही, राग शुद्ध राहिला की नाही, लय सांभाळली गेली की नाही, यांविषयी जाणकारांत बरेच एकमत होऊ शकते. सुरेलपणापेक्षा भावोत्कटता, किंवा परंपरेपेक्षा नवनिर्मिती अधिक मोलाची काय, हे मात्र श्रोत्याच्या मूल्यव्यवस्थेवर अवलंबून राहते. रसिकांच्या वादाचे फलित जयपराजयात नसून ऐकण्याच्या विस्तारात असते. प्रतिपक्षाला जे ऐकू आले ते आपल्यालाही ऐकू येऊ लागणे, हे त्याचे गमक होय. त्यानंतर निवड पूर्वीचीच राहिली, तरी ती अधिक डोळस झालेली असते.